काटा खरं बोलतोय की खोटं?

(आपल्या सामुदायिक रेडिओवरच्या बोलण्यातून)

जेवणं उरकून बसला असाल, तर जरा रेडिओ जवळ घ्या. आज गाडीबद्दल बोलायचं आहे. "आम्हाला काय करायचीय गाडी?" असं म्हणू नका. आता किती तरी गटांकडे स्वतःची गाडी आहे. कुणाची दुधाला जाते, कुणाची बाजाराला, कुणाची शाळेच्या पोरांना सोडायला. गाडी गटाची असली तरी ती बिघडली की निर्णय मात्र गॅरेजवाल्याचा असतो. आपण नुसत्या मान हलवतो आणि पैसे मोजतो. मीही तेच करत होते.

माझ्यासमोर टेबलावर एक वस्तू ठेवलेली आहे. तुम्हाला दिसत नाही म्हणून सांगते. अंगठ्याएवढी असेल. एका टोकाला पितळेचा आटा आणि पुढे बोथट नाक, दुसऱ्या टोकाला काळं प्लास्टिक आणि त्यात दोन बारीक पिना. हा इंजिनाच्या पाण्याचा ताप मोजणारा सेन्सर. गॅरेजात याला 'टेंपरेचर सेन्सर' म्हणतात. हा बिघडला म्हणून आमच्या गटाचे अठरा हजार रुपये जाता जाता राहिले.

झालं असं. आमची गाडी जुनी, पेट्रोलची, कर्ज काढून घेतलेली. चालवते मीच. एप्रिलचा महिना, माल भरून आम्ही चौघी फलटणच्या बाजाराला निघालो होतो. मोगराळे घाटाच्या अलीकडे पुढच्या सीटवरची मावशी म्हणाली, "अगं, तो काटा बघ कुठं गेलाय." बघते तर ताप दाखवणारा काटा एकदम वर, लाल रेघेला टेकलेला. गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. बॉनेट उघडलं. वाफ नाही, वास नाही, कुठे पाणी सांडलेलं नाही. अर्धा तास थांबलो, काटा खाली आला. पुन्हा निघालो तर दोन किलोमीटरवर परत वर. शेवटी गाडी टोचन करून माघारी आणली. बाजार बुडाला तो बुडालाच.

गॅरेजवाल्यानं काट्याकडे बघितलं आणि सांगितलं, "ताई, हेड गॅस्केट गेलंय. हेड खोलावं लागंल. अठरा हजार धरून चाला." संध्याकाळी गटाची बैठक बसली. बँकेतली शिल्लक काढली तर वीस हजार आणि वर थोडे. त्यातून पुढच्या महिन्याचा हप्ता जायचा होता. एक-दोघी म्हणाल्या, गाडी विकूनच टाका. अंगठे उठायचेच बाकी होते.

आमच्या गटातल्या एका बाईची मुलगी आयटीआयला मोटर मेकॅनिकचा ट्रेड करून आलेली. ती आईला न्यायला आली होती. तिनं उभ्या उभ्या दोनच गोष्टी विचारल्या. "पाणी किती कमी झालंय?" आणि "सकाळी गार गाडीला चावी फिरवली तर काटा कुठं असतो?" पहिल्याचं उत्तर, पाणी जिथल्या तिथे आहे. दुसऱ्याचं उत्तर कुणालाच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही बघितलं. गाडी रात्रभर उभी, बॉनेट दवानं ओलं, इंजिनाला हात लावला तर गार दगड. चावी फिरवली, सेल्फ मारला नाही. काटा सरसर वर जाऊन लाल रेघेला टेकला, आणि पुढचा फॅन घूं करून सुरू झाला. रात्रभर झोपलेली गाडी तापेल कशी? तापलेली नव्हतीच. काटा खोटं बोलत होता.

आता हे का होतं ते नीट समजून घेऊ, कारण हे समजलं की बाकीचं सोपं आहे.

इंजिनाभोवती पाणी खेळत असतं. खरं तर नुसतं पाणी नाही, कूलंट. या पाण्यात सेन्सरचं नाक बुडालेलं असतं. नाकाच्या आत एक छोटा मणी असतो, त्याचा गुण उलटा आहे. तो गार असला की विजेला जास्त अडवतो, तापला की वाट मोकळी करून देतो. हा अडथळा ओहममध्ये मोजतात. बऱ्याच गाड्यांत वीस अंशांना तो अडीच हजार ओहमच्या आसपास असतो, ऐंशी अंशांना तीनशेवर येतो आणि शंभर अंशांना दोनशेच्याही खाली. कंपनीप्रमाणे आकडे बदलतात, पण चाल हीच. ताप वाढला की ओहम कमी.

गाडीचा कॉम्प्युटर एका वायरीतून पाच व्होल्ट पाठवतो आणि या अडथळ्यामुळे किती व्होल्ट उरले ते बघून ताप ठरवतो. इंजिनाला हात लावून बघायला त्याला हात नाहीत. सेन्सर सांगेल ते तो ऐकतो. आतून सेन्सरची दोन टोकं एकमेकांना चिकटली, की अडथळा शून्य. कॉम्प्युटरला वाटतं, बाप रे, इंजिन भयंकर तापलं. उलट वायर तुटली किंवा कपलर सुटला, की अडथळा अफाट. मग त्याला वाटतं, बर्फ पडलाय. स्कॅनर लावला तर अशा वेळी उणे चाळीस अंश दिसतात. माणदेशात, एप्रिलमध्ये, उणे चाळीस!

आणि हे नुसत्या काट्यापुरतं राहत नाही. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी जुनी स्कूटर किंवा मोपेड होती त्यांना चोक आठवत असेल. थंडीत चोक ओढायचा, गाडी सुरू झाली की चोक बंद करायचा. चोक ओढला की इंजिनाला पेट्रोल जास्त मिळतं, कारण गार इंजिनाला जास्त लागतं. आजच्या गाडीत चोक ओढायला दांडी नाही. किती जास्त पेट्रोल द्यायचं ते कॉम्प्युटर ठरवतो, आणि ते ठरवतो या सेन्सरच्या सांगण्यावरून. सेन्सर म्हणाला 'गार आहे', तर गरम इंजिनातही पेट्रोल ओतत राहतो. मग काळा धूर, पेट्रोलचा वास, गाडी ॲव्हरेज देत नाही. सेन्सर म्हणाला 'गरम आहे', तर गार सकाळी पेट्रोल कमी सोडतो आणि गाडी उठता उठत नाही. आमची गाडी आधी पंधरा दिवस सकाळी उठायला त्रास देत होती. आम्ही बॅटरीला शिव्या घालत होतो. बॅटरी बिचारी ठीक होती. डिझेलच्या गाडीत कॉइलचा दिवा सकाळी किती वेळ लावायचा, तेही पुष्कळदा याच सेन्सरवर ठरतं.

काही गाड्यांत काट्याचा सेन्सर वेगळा आणि कॉम्प्युटरचा वेगळा असतो. काट्याच्या सेन्सरला बहुधा एकच वायर असते, कॉम्प्युटरच्या सेन्सरला दोन. म्हणून काटा ठीक आहे म्हणजे सेन्सर ठीक आहे असं नाही, आणि उलटंही नाही. दुकानात सेन्सर मागताना नुसतं 'टेंपरेचरचा' म्हणू नका, जुना काढून हातात घेऊन जा.

आता आमच्या गाडीचं पुढे काय केलं ते सांगते. इंजिन गार, चावी लावलेली, काटा लाल रेघेवर. त्या मुलीनं सेन्सरचा कपलर, म्हणजे वायरीचं टोपण, दाबून काढलं. काटा तिथल्या तिथे खाली पडला. ती म्हणाली, "वायरिंग चांगलं आहे, सेन्सर गेलाय." का? टोपण काढल्यावरही काटा वरच राहिला असता, तर सेन्सर निर्दोष ठरला असता. मग दोष वायरीत. कुठे तरी वायर सोलून इंजिनाच्या लोखंडाला टेकलेली असते. पुष्कळदा हे काम उंदराचं असतं. धान्याच्या खोलीशेजारी गाडी लावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

काटा नेहमीच खाली असेल किंवा स्कॅनर उणे चाळीस दाखवत असेल, तर तपासणी उलटी करायची. टोपण काढून त्यातली दोन टोकं वायरीच्या तुकड्यानं क्षणभर जोडायची. स्कॅनरवरचा आकडा एकदम सव्वाशे-दीडशेकडे धावला तर वायर आणि कॉम्प्युटर दोन्ही शाबूत, सेन्सर बदला. आकडा हललाच नाही तर वायर तुटलेली आहे, नवा सेन्सर लावून उपयोग नाही. हे काम माहितगाराकडूनच करून घ्या, चुकीची टोकं जोडली तर महागात पडतं. पण त्यानं ते केलं की नाही हे विचारायला काय जातं? आणि एक धोका. ही तपासणी करताना फॅन अचानक फिरतो, इंजिन बंद असलं तरी. पदर, ओढणी, बांगड्या, सुटे केस त्याच्यापासून लांब ठेवा.

स्कॅनरचा विषय निघालाच आहे तर सांगते. साधारण २०१३ नंतरच्या बहुतेक गाड्यांत स्टीअरिंगखाली, गुडघ्याच्या वर, सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. तिथे स्कॅनर लागतो. त्यावर पी ०११७ आला तर कॉम्प्युटरला सिग्नल फार कमी मिळतोय, म्हणजे ताप खोटाच जास्त दिसतोय. पी ०११८ आला तर सिग्नल फार जास्त, म्हणजे बहुधा वायर तुटलेली किंवा टोपण सुटलेलं. पण कोड म्हणजे निकाल नव्हे. "कोड आला, सेन्सर बदला" असं कुणी म्हणालं तर टोपण काढून बघितलं का ते विचारा. कितीदा तर टोपणातल्या पिना हिरव्या पडलेल्या असतात, त्या साफ केल्या की काम होतं.

सगळ्यात फसवा तो सेन्सर, जो थोडंसंच खोटं बोलतो. दिवा लागत नाही, कोड येत नाही, फक्त पेट्रोल जास्त जातं. याला पकडायची वेळ म्हणजे पहाट. रात्रभर उभ्या गाडीत पाण्याचा ताप आणि इंजिनात जाणाऱ्या हवेचा ताप जवळजवळ सारखे असायला हवेत. स्कॅनरवर दोन्ही दिसतात. हवा पंचवीस आणि पाणी पन्नास दाखवत असेल, तर दोघांतला एक जण खोटारडा. दाराला लटकवलेला साधा तापमापक असेल तर कोण ते कळतं. आशाताईंकडे कपाळावर धरायची बंदूक असते ना, ती या कामाची नाही. ती माणसाच्या तापापुरतीच. गॅरेजची बंदूक वेगळी असते. ती चकचकीत लोखंडावर न धरता काळ्या रबरी पाइपवर धरली तर आकडा जास्त भरवशाचा येतो.

आणि शेवटची कसोटी चुलीवरची. इंजिन पूर्ण गार असताना सेन्सर काढायचा आणि जुन्या डब्यात पाणी घेऊन त्याचं नाक तेवढं बुडवायचं. मल्टिमीटरच्या दोन काड्या दोन पिनांना. गार पाण्यात दोन-अडीच हजार, अंघोळीच्या पाण्यात हजार-बाराशेच्या घरात, उकळी फुटली की दोनशेच्या आसपास. आकडा पायरी पायरीनं उतरायला हवा. मध्येच उडी मारली किंवा जागचा हललाच नाही, तर सेन्सर गेला. डबा मात्र फेकायचाच घ्या. कूलंट विषारी असतं आणि चवीला गोड. कुत्रं, वासरू, रांगतं पोर, कुणीही चाटू शकतं. सेन्सर काढताना थोडं सांडतंच, त्यावर माती टाकून न ठेवता पाण्यानं धुऊन काढा, आणि निघालेलं कूलंट उघड्या भांड्यात ठेवू नका.

आता मघापासून मी जे सांगतेय त्याची दुसरी बाजू. ही ऐकल्याशिवाय उठू नका.

आमची गोष्ट ऐकून शेजारच्या गावच्या एका गटानं ठरवून टाकलं की काटा वर गेला म्हणजे सेन्सरच खराब. त्यांचा काटा वर गेला, मग थोड्या वेळानं आपोआप खाली आला. "बघा, सेन्सरच," म्हणत त्यांनी गाडी तशीच पुढे दामटली. दहा-बारा किलोमीटरवर इंजिन धापा टाकत बंद पडलं. रेडिएटरचा खालचा पाइप चिरला होता आणि पाणी वाटेत गळून गेलं होतं. काटा खाली का आला? कारण सेन्सरचं नाक पाण्यात राहिलंच नव्हतं. ते कोरडं पडलं होतं, आणि कोरड्या पोकळीतला ताप त्याला नीट कळत नाही. इंजिन सगळ्यात जास्त तापलं तेव्हा काट्यानं सगळ्यात कमी दाखवलं. त्यांचं हेड खरोखरच वाकलं. मला त्या बायांना तोंड दाखवायला अवघड झालं, कारण मी त्यांना अर्धीच गोष्ट सांगितली होती.

म्हणून क्रम असा. काटा वर गेला की आधी तो खरंच बोलतोय असं धरायचं. एसी बंद, गाडी कडेला, इंजिन बंद. थांबायला जागाच नसेल तर हीटर पूर्ण गरमवर आणि त्याचा पंखा जोरात लावायचा. उन्हाळ्यात जीव नकोसा होतो, पण इंजिनाचा थोडा ताप तो ओढून घेतो. हीटरमधून गार वारा आला तर समजा पाणी संपत आलंय, आणि मग एक पाऊलही पुढे नको. थांबल्यावर नाकानं बघा, गोडसर वास येतोय का. कानानं बघा, आत खदखदतंय का. वाकून बघा, खाली ओघळ आहे का. प्लास्टिकच्या बाटलीतली पाण्याची पातळी बाहेरूनच दिसते. हे सगळं ठीक असेल, तरच सेन्सरवर संशय घ्यायचा.

रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. माझ्या डाव्या मनगटावर जो डाग आहे तो त्याचाच. प्रेशर कुकरच्या शिट्टीखाली जेवढा दाब असतो, जवळजवळ तेवढाच या झाकणाखाली असतो. त्या दाबामुळेच आतलं पाणी शंभर अंशांना उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब जातो आणि सगळं पाणी एका क्षणात उसळून अंगावर येतं. कुकरची वाफ गेल्याशिवाय आपण झाकण काढतो का? मग इथे कसली घाई? तासभर जाऊ द्या. आणि तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, धातू तडकतो.

एक आपल्या भागाचं. बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये घालू नका. पाणी तापवायच्या रॉडवर पांढरा थर बसतो तो बघितलाय ना? तोच थर इंजिनाच्या आत आणि सेन्सरच्या नाकावर बसतो. मग सेन्सरला ताप उशिरा कळतो. आमच्या सेन्सरच्या नाकावरही तो होता, अजून आहे, नखानं निघत नाही. तयार कूलंट मिळतं ते घाला, किंवा कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मंनिम्मं. रस्त्यात अडलात तर साधं पाणी घालून घर गाठा, पण नंतर ते बदलून घ्या.

तर आमचा नवा सेन्सर आला ४२० रुपयांना. खालचा वॉशर नवा घातला, बेतानंच आवळला, सांडलं तेवढं कूलंट भरलं. चावी फिरवली, काटा खाली. इंजिन सुरू केलं, काटा हळूहळू मध्यावर येऊन थांबला. दहा-पंधरा मिनिटांनी फॅन लागला आणि आपण होऊन बंद झाला. मग सेल्फच्या एका टिचकीत गाडी उठायला लागली.

त्या गॅरेजवाल्याला मी लबाड म्हणणार नाही. त्यानं काट्यावर विश्वास ठेवला, आम्ही त्याच्यावर. पुन्हा त्याच्याकडेच जातो, फक्त आता विचारून काम करतो. "दादा, गार असताना काटा बघितला का? टोपण काढून बघितलं का? पाणी किती घातलं?" आधी तो चिडायचा. परवा त्यानं स्वतःहून मला फोन करून सांगितलं, "ताई, या वेळी टोपण काढून बघितलंय."

गटानं साडेतीनशे रुपयांचा मल्टिमीटर घेतलाय. तो खजिनदारबाईंच्या पेटीत, शिक्का आणि पासबुकाशेजारी असतो. ज्या गटाला लागेल त्यांनी यावं, वहीत सही करून न्यावा आणि दोन दिवसांत आणून द्यावा. येताना काड्या मोडू नका एवढंच.